चौथी सीट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली, तेव्हा तिच्यात ४०० पाहुणे होते आणि सगळेच्या सगळे बसून आले होते. त्यानंतर संध्याकाळच्या वेळी मुंबईहून ठाण्याला कुणी बसून आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी स्वतः बावीस वर्षं पाचपाखाडी ते फोर्ट करतो आहे. त्यातली निम्मी वर्षं दरवाजाच्या दांड्याला गेली आणि निम्मी चौथ्या सीटवर. चौथी सीट म्हणजे काय, हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याशी आमचं फारसं जमत नाही, तरी सांगतो. तिघांच्या बाकावर चौथ्यानं एक मांडी टेकवायची, दुसरी हवेत ठेवायची आणि मुलुंड जाईपर्यंत आपण बसलेलो आहोत असं समजायचं.

हे आधी सांगण्याचं कारण, या जानेवारीत मी फ्लोरिडाला जाऊन पळून आलो. (तसं पळून नव्हे. बायको बरोबर होती.)

उद्योग ताईचा. ताई न्यू जर्सीला असते. पन्नाशीनंतर ती पळायला लागली आणि तेव्हापासून फोनवर गुडघे सोडून दुसरा विषय निघत नाही. ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते. २०१४ मध्ये त्यांनी तिला ‘डोपी चॅलेंज’ नावाचं शेपूट जोडलं. गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी अर्धमॅरेथॉन, रविवारी पूर्ण. चार दिवसांत ४८.६ मैल, म्हणजे ७८ किलोमीटर. आमच्या हिशेबानं ठाण्याहून सीएसएमटी, तिथून परत ठाणे आणि डोळा लागल्यामुळे पुढे दिवा. एवढं केलं की सहा मेडल मिळतात. चार शर्यतींची चार, शेवटच्या दोन ओळीनं पळाल्याबद्दल गूफीचं पाचवं आणि सगळ्याच पळाल्याबद्दल डोपीचं सहावं.

“पैसे किती देतात?” आईनं विचारलं.

“आपण द्यायचे असतात.”

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आणि हा डोपी कोण?”

“सात बुटक्यांमधला एक. त्याला बोलता येत नाही.”

“ताईनं पैसे भरायला सांगितले तेव्हा तुलाही आलं नसणार.”

सराव मी थोडक्यात उरकतो, कारण पळणारा माणूस स्वतःच्या सरावाबद्दल बोलायला लागला की समोरचे हळूहळू दाराकडे सरकतात हे मी ताईच्या बाबतीत स्वतः केलं आहे. जुलैपासून डिसेंबरपर्यंत पहाटे उपवनवरून येऊरचा चढ. पावसात बूट भिजायचे. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते फ्रिजच्या मागे वाळत ठेवायचे. ताईनं जेफ गॅलोवेची पद्धत शिकवली होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेल्या या गृहस्थांचं म्हणणं असं, की थोडं पळावं, दमायच्या आधीच थोडं चालावं, पुन्हा पळावं. येऊरच्या चढावर ही पद्धत मला कुणी न सांगताच सुचली होती. तिच्यातलं ‘पळावं’ तेवढं कमी होतं.

खरी गोष्ट सुरू होते ती टेपरपासून. टेपर म्हणजे शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे. त्यात पळणं कमी करत आणायचं, पायांना विश्रांती द्यायची. ताई फोनवर म्हणाली, “आता मिळेल तिथं बसायचं. उभं राहायचं नाही, उगाच चालायचं नाही. पाय वर करून बसायचं.” बावीस वर्षांत असं माझ्याशी कुणीही बोललं नव्हतं.

पण बायकोनं वेळापत्रक केलं होतं. एवढे पैसे घालून जातोच आहोत तर शर्यतीआधीचे दिवस पार्क बघून घेऊ, आणि शर्यती काय, पहाटेच असतात, दुपार मोकळीच! डिस्ने वर्ल्ड हे मला आपल्या एस्सेलवर्ल्डसारखं काहीतरी वाटलं होतं. ते १०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. येऊरपासून पार बोरिवलीपर्यंतचं अख्खं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०३ आहे, यावरून कल्पना यावी. त्यात चार मोठे पार्क. ते सगळं बायकोनं आठवड्याभरात बसवलं होतं. बसलं तेवढंच. आम्ही कुणी बसणार नव्हतो.

पहिल्या दिवशी रात्री मोबाइलनं सव्वीस हजार पावलं दाखवली आणि वर अभिनंदन केलं. राइडमध्ये बसायला मिळतं, नाही असं नाही. पण तीन मिनिटं बसायला ऐंशी मिनिटं उभं राहायचं. हा हिशेब मला फारच ओळखीचा वाटला. फरक इतकाच की इथं प्रत्येक रांगेच्या तोंडाशी किती वेळ उभं राहावं लागेल त्याचा आकडा लावलेला असतो, आणि तो वाचूनही लोक आनंदानं आत शिरतात.

दुपारी एक बाक रिकामा दिसला. आईला स्वच्छतागृहाकडे सोडायचं होतं, म्हणून मी खिशातला रुमाल काढून बाकावर व्यवस्थित पसरला आणि निश्चिंत मनानं गेलो. परत येतो तर बाकावर पाच जणांचं कुटुंब आइस्क्रीम खातंय. रुमाल नाही. एवढ्यात मागून एक हसतमुख तरुण कर्मचारी धावत आला. त्यानं रुमालाची घडी घातली होती. “सर, हा तुमचा पडला होता.” मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पडला नव्हता, टाकला होता, आणि टाकलेला रुमाल ही स्थावर मालमत्ता असते, हे त्याला इंग्रजीत समजावण्याइतके पाय माझ्यात उरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी पार्क वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. मुलं उंची आणि वेग बघत होती. मी आसनव्यवस्था. मॅजिक किंगडममध्ये हॉल ऑफ प्रेसिडेंट्स नावाचं नाट्यगृह आहे. अमेरिकेचे सगळे अध्यक्ष यांत्रिक पुतळ्यांच्या रूपात रंगमंचावर येतात, माना हलवतात. लोकशाहीचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. लिंकन उठून उभे राहिले, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि एसीत माझा डोळा लागला.

त्याहून सरस म्हणजे कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे केलं होतं, १९७५ पासून इथं आहे. मधे रंगमंच स्थिर आणि त्याच्याभोवती प्रेक्षकांच्या खुर्च्याच फिरतात. एका कुटुंबाच्या घरात गॅसबत्तीपासून पुढे कायकाय यंत्रं आली ते दाखवतात. पण यंत्रांचं सोडा. आपण बसलेले, आणि प्रवास चालू! माझ्यासारख्या चाकरमान्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी ही कल्पना आहे. मी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मुलीनं आत यायला नकार दिला आणि बाहेर उभी राहिली, त्याबद्दल बायको अजून बोलते.

शेजारीच पीपलमूव्हर आहे. संथ गाडी, उंचावरून फेरी मारून आणते. ती चढण्यासाठी थांबत नाही. फलाटाचा पट्टाच गाडीबरोबर सरकत असतो. “सर, सावकाश,” असं तिथली बाई म्हणेपर्यंत मी आतला दांडा धरून, उतरणाऱ्या दोघांच्या मधून, खिडकीशी बसलोसुद्धा होतो. तिनं असं काही आधी पाहिलेलं नसावं. मागं आई आली. ती तर त्याहून सराईत निघाली.

गुरुवारी ५ किलोमीटरची शर्यत झाली. ती निर्विघ्न पार पडली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे पहाटे दोनला उठायचं, एवढं. पण त्याचा त्रास झाला नाही. आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे. तिथं पहाटेचे दोन वाजतात तेव्हा माझ्या शरीरात दुपारचे साडेबारा वाजून डबा उघडायची वेळ झालेली असते. ताई आणि तिच्या मैत्रिणी जांभया देत होत्या आणि मला भूक लागली होती.

त्याच दुपारी एपकॉट, त्या चार पार्कांमधला आणखी एक. तिथं एका तळ्याभोवती अकरा देशांचे मांडव आहेत आणि फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. ताईनं आईसाठी दाराशीच व्हीलचेअर भाड्यानं घेतली. आई ७४ वर्षांची आहे. रोज पहाटे कौपिनेश्वराला नमस्कार करून तलावपाळीला तीन फेऱ्या मारते. तिनं तळं पाहिलं आणि खुर्चीत बसायला साफ नकार दिला. “ही तलावपाळीच आहे, जरा मोठी.” आई पुढे, मी मागून रिकामी खुर्ची ढकलत. मेक्सिको झालं, नॉर्वे झालं, चीन आला. प्रत्येक मांडवाशी आई थांबून विचारायची, “आपलं कुठंय?” आपलं नाहीये, असं मी सांगितलं तर तिला पटेना. “जपानचं आहे, मोरोक्कोचं आहे, आणि आपलं नाही? पुढे असेल.” आपलं शोधत ती इतक्या झपाट्यानं निघाली की जर्मनीत माझी पोटरी धरली.

“बस तू,” आई म्हणाली.

“कुठे?”

“ही काय, पैसे भरून घेतलीय.”

मी नाही म्हणालो. एकदा. मग बसलो. आणि आईनं मागून खुर्ची धरली. ७४ वर्षांची नऊवारीतली बाई आणि तिच्या पुढ्यात पाय लांब करून बसलेला सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा, अशी आमची वरात इटलीतून अमेरिकेत शिरली. लोक आदरानं बाजूला होत होते. एका बाईनं आईच्या खांद्याला हात लावून “गॉड ब्लेस यू” म्हटलं. आईनं तिलाही विचारलं, “इंडिया कुठंय?” आणि जपानच्या कमानीपाशी समोरून ताईच्या धावण्याच्या ग्रुपमधला माणूस आला, ज्याच्याबरोबर मी सकाळीच पळालो होतो. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या मेडलकडे पाहिलं.

“उद्या दहा आहेत ना तुझे?”

“हो,” मी म्हणालो. “टेपर चालू आहे.”

शुक्रवार आणि शनिवारही गेले. शनिवारच्या रात्री आईनं ठाण्याहून आणलेलं मेतकूट भातावर घालून दिलं. ताई पास्ता खात होती. शास्त्र दोन्हीकडे एकच असावं. जेवता जेवता तिनं मॅरेथॉनचे नियम पुन्हा सांगितले. मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा, हा सगळ्यात संथ वेग. त्या वेगानं सगळ्यांच्या शेवटी फुगे बांधलेल्या बायका चालतात. त्यांना बलून लेडीज म्हणतात. त्यांच्या मागं पडलात की तुम्हाला उचलून बसमध्ये बसवतात.

“बसमध्ये जागा असते?”

“म्हणजे?”

“बसायला.”

ताईनं काटा खाली ठेवला. बस हे वाहनाचं नाव आहे की आज्ञा आहे, हा प्रश्न मराठी माणसाला मॅरेथॉनच्या आदल्या रात्री पडू नये, पण मला पडला. ताई म्हणाली, तसंच काही वाटलं तर मधे अ‍ॅनिमल किंगडममधून मार्ग जातो. तिथं काही लोक शर्यत थांबवून एक्सपिडिशन एव्हरेस्ट नावाच्या रोलरकोस्टरमध्ये बसून येतात आणि पुन्हा पळायला लागतात. तिला वाटलं मी हसेन. मी रात्रभर त्याचा विचार करत होतो.

रविवारी पहाटे पावणेचारला एपकॉटच्या वाहनतळावर पोचलो. थंडी अशी की श्वास दिसत होता. ताईनं बजावलं होतं, जुने कपडे घालून जायचं, गरम झालं की तिथंच टाकायचे. ते गोळा करून गरजूंना देतात. ठाण्यात स्वेटर ही महाबळेश्वरला न्यायची वस्तू असल्यामुळे घरात एकच होता, मरून रंगाचा, जो बायको पाच वर्षं टाकून द्यायला काढत होती.

आधीच्या कुठल्या मोठ्या शर्यतीची वेळ मी कळवलेली नव्हती, म्हणून मी शेवटच्या गटात. बलून लेडीज जवळच फुगे सारखे करत होत्या. आणि समोर जे दिसलं ते मी विसरणार नाही. हजारो माणसं, सगळी डांबरावर बसलेली. कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्या पांघरून, कुणी पंख लावून, कुणी पाय पसरून. बोटभर जागा नव्हती. मी उभा राहिलो, सवयीनं. माझ्या पायाशी हिमगौरीचा पिवळा झगा घातलेला एक दाढीवाला सहा-फुटी माणूस बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, काही बोललाही नाही. फक्त बूड टाचभर सरकवलं.

मी एक मांडी टेकवली. दुसरी हवेत. तासभर आम्ही तसेच बसलो होतो आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात इतकं सुख मला कुठल्याही राइडमध्ये मिळालं नाही.

पाचनंतर पुढचे गट एकेक करून सुटायला लागले. बऱ्याच वेळानं आमची पाळी आली. सगळे उठले, पिशव्या उडाल्या. मी स्वेटर काढला आणि त्याची घडी घालून माझ्या जागेवर नीट ठेवला.

“इथंच सोडणार ना?” हिमगौरीनं विचारलं.

“छे,” मी म्हणालो. “जागा धरून ठेवलीय.”