वाळलेला हंसराज फेकू नका, आधी पान उलटून बघा

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, "भुसावळच्या मे महिन्यात जे झाड टिकतच नाही ते लोकांना घ्यायला का सांगता? नर्सरीतला हंसराज माझ्याकडे पार करपला. विहिरीत वाढतो तो तोच ना? तो कसा हिरवागार असतो? आणि वाळलेली कुंडी जपून ठेवा म्हणता, ही तर लोकांची दिशाभूल आहे."

उन्हाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा आपल्याकडच्या हवेत ओलावा नावालाही नसतो, आणि हंसराज हा नेचा, म्हणजे फर्न; त्याचं पान इतकं पातळ की एका दुपारीत गुंडाळतं. पण विहिरीतला हंसराज "तोच" आहे, हे मात्र मला मान्य नाही. कुंडी ठेवायची की नाही, हे झाड कुठलं आहे यावरच ठरतं.

आधी तो हंसराजच आहे ना, ते पक्कं करा. देठ काळा, चकचकीत, केसासारखा बारीक असतो. पानावर पाणी शिंपडलं तर पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातात. मग एक पूर्ण वाढलेलं पान उलटं करा. कडेला तपकिरी पट्टे दिसतील. ती पानाचीच आत दुमडलेली कड असते. सुईच्या टोकाने ती दुमड हळूच उचला आणि भिंगातून बघा. बीजाणूंच्या (नेच्याला बिया नसतात, त्याऐवजी हे बारीक कण असतात) पिशव्या दुमडीच्या आतल्या बाजूलाच चिकटलेल्या दिसतील. दुसऱ्या काही नेच्यांची कडही अशीच दुमडते, पण त्यांच्या पिशव्या दुमडीवर नसून तिच्याखाली पानावर असतात. मला विचाराल तर ओळखीची याहून खात्रीची खूण नाही.

आता यातला कोणता, ते. सातपुड्याच्या घळींत पावसाळ्यात उगवतो त्याची पानं अर्धचंद्रासारखी, देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ. त्याचं शेंड्याकडचं टोक लांबत जातं आणि जमिनीला टेकलं की तिथेच मूळ धरतं. पाऊस सरला की हा वाळतो, कारण त्याचा स्वभावच तो. जमिनीखालचं खोड जिवंत राहतं आणि जूनमध्ये पुन्हा फुटतं. जुन्या विहिरींच्या, बारवांच्या ओल्या चुन्याच्या भिंतींवरचा हंसराज वेगळा. त्याची पानं कोथिंबिरीसारखी. विहिरीत सावली असते, दगडाला बारमाही पाझर असतो, म्हणून तो मे महिन्यातही हिरवा राहतो. नर्सरीत बहुतेक वेळा मिळतो तो तिसरा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तोही कोथिंबिरीसारखाच दिसतो, त्यामुळे घोळ होतो. बीजाणू नसलेलं एक पान उजेडासमोर धरा. शिरा कडेच्या दातांच्या टोकात संपत असतील तर विहिरीतला, दोन दातांमधल्या खाचेत संपत असतील तर नर्सरीतला.

तुमचा बहुधा हाच तिसरा असावा. मुळांजवळची माती एकदा जरी खडखडीत वाळली तरी याचा पाला जातो, आणि गेलेला पाला कितीही पाणी घातलं तरी उठत नाही. सगळा पाला मातीलगत कापा, कुंडी सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या, पण चिखल नको. खोड आत जिवंत असेल तर काही आठवड्यांत गुंडाळलेले कोवळे कोंब वर येतात. कोंबच आले नाहीत आणि उकरल्यावर खोड पोकळ किंवा कुजलेलं निघालं, तर ते मेलं. तेव्हा खुशाल टाका. पण उकरून न बघता फेकू नका, एवढंच माझं म्हणणं होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

दिवसातून चारदा फवारणी करता, असंही तुम्ही लिहिलंय. आपल्या कोरड्या हवेत ते पाणी बघता बघता उडून जातं आणि तेवढ्यात वाटतं की झाडाला पाणी मिळालं. त्यापेक्षा कूलर असलेल्या खोलीत ठेवा, मात्र झोताच्या समोर नको. शेजारी आणखी चार कुंड्या असू द्या. उत्तरेच्या खिडकीचा उजेड पुरतो.

पाण्याचंही बघा. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढत असतील तर ते बोअरचे क्षार आहेत, आणि पानांची टोकं त्यानेही करपतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र कधीच घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

"मग पाटणादेवीहूनच रोप आणते" हे वाक्य वाचून मला खरंच काळजी वाटली. ते अभयारण्य आहे. तिथून रोप उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि ओल्या दगडावरून ओरबाडलेलं रोप कुंडीत क्वचितच तगतं. त्याची गरजही नाही. नर्सरीतलंच घ्या, फक्त उन्हाळ्यात न घेता जुलैत घ्या, म्हणजे पुढच्या मेपर्यंत त्याच्या मुळांनी कुंडी धरलेली असेल.

सध्याच्या कुंडीचा फोटो पाठवाल का? वाळलेलं पान असलं तरी चालेल, पण पाठीकडून काढा आणि कड स्पष्ट दिसू द्या. कुठला आहे ते मी लगेच सांगेन.