भोपळ्याचं तोंड

आमच्या रस्त्यावर हॅलोविनच्या संध्याकाळी, मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत खाऊ मागायला दारोदार निघण्याआधी, सगळी घरं मिळून बाहेरच टेबलं टाकून जेवतात. कोणी काय आणायचं याची यादी आठवडाभर आधी ईमेलने येते. अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं तरी कळायला हवं होतं, की अशी यादी आली की हातातलं काम टाकायचं आणि पेपर नॅपकिनपुढे आपलं नाव लिहायचं. मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येईपर्यंत नॅपकिन गेले, ग्लास गेले, ज्यूस गेला. बर्फसुद्धा गेला! उरलं होतं ते असं: 'घरी केलेलं, गोड आणि भीतिदायक.'

"तीनपैकी दोन तुला नक्की जमतील," बायको म्हणाली.

रेसिपी शोधली. तिच्या नावातच 'सोपी' होतं. छोट्या छोट्या तीस कुक्या करून तीस भोपळ्यांना साठ डोळे काढण्यापेक्षा पिझ्झाच्या तव्यावर एकच अवाढव्य कुकी भाजायची आणि तिच्यावर भोपळ्याचा चेहरा रंगवायचा. आळशी माणसाला यापेक्षा मोठं आमिष नाही. शिवाय आठ वर्षांची लेक मदतीला होती. मदतीला म्हणजे, चॉकलेट चिप्स मोजायला. दोन कप चिप्स मोजून झाल्यावर वाडग्यात दीडच कप पडल्या.

पहिला घोळ लोण्याचा. दोन स्टिक लोणी, 'मऊ झालेलं'. एक स्टिक म्हणजे 113 ग्रॅम. फ्रिजमधून काढून तासभर ओट्यावर ठेवायचं, बोट टेकवलं की खळी पडली पाहिजे. आमच्याकडे तासभर कुठला? मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवलं. मध्ये तळं, कडेला हिमनग. म्हटलं, शेवटी ओव्हनमध्ये वितळणारच आहे ना, मग आत्ता वितळलं तर काय बिघडलं?

बिघडतं. कुकीचं सगळं गणितच त्यावर आहे. ओव्हनमध्ये लोणी वितळायला लागलं की पीठ पसरू लागतं, आणि अंडं-मैदा आळून घट्ट झाले की पसरणं थांबतं. लोणी आधीच वितळलेलं असेल तर पीठ शर्यत सुरू होण्याआधीच अर्धं मैदान पार करून बसतं. कडेने इंचभर जागा सोडा, असंही रेसिपीत होतं. पण मला कुकी जायंट हवी होती, म्हणून मी तव्याच्या काठापर्यंत थापली होती.

350 डिग्री फॅरनहाइट. दहाव्या मिनिटाला ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर कुकी डाव्या बाजूने तवा सोडून निघाली होती. (आमच्या ओव्हनची जाळी किंचित डावीकडे कलते, हे त्या दिवशी कळलं.) पिठाचा एक गोळा खाली पडला, जळला, धूर झाला आणि हॉलमधला स्मोक अलार्म कोकलायला लागला. आमचे अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत. एक ओरडला की वरच्या मजल्यावरचे सगळे त्याला साथ देतात. मी पंचा घेऊन स्टुलावर, लेक कानात बोटं घालून टेबलाखाली, आणि बायको खिडकी उघडता उघडता शांतपणे विचारतेय, "सोपी होती ना?"

तरी कुकी वाचली. मधोमध थोडी कच्ची दिसतानाच बाहेर काढायची असते, तापलेल्या तव्यावर ती उरलेली भाजली जाते. हे मी बरोबर केलं, याची नोंद असावी. पुढे ती पूर्ण गार होऊ द्यायची होती. पण लेकीने दर दोन मिनिटांनी बोट लावून "झाली गार" असा निकाल दिला, आणि तो मला सोयीचा वाटला. नारिंगी आयसिंग फासलं. बटर आणि पिठीसाखरेचं ते आयसिंग गरम कुकीवर क्षणभर थबकलं आणि मग सगळ्या खड्ड्यांतून, चिरांतून ओघळत उताराला लागलं. कपाळावर आठ्या पडल्या. डोळ्यांखाली पिशव्या आल्या. डावा गाल तर आधीच सुजलेला होता.

मग डोळे-भुवया-केसांसाठी काळा रंग. भोपळ्याला केस नसतात, पण वरची जळकी कड झाकायला दुसरा उपाय नव्हता. काळं आयसिंग करणं हे एक वेगळंच दुखणं. पांढऱ्यात काळ्या जेलचे थेंब टाकत गेलो, अर्धी ट्यूब संपली, रंग उंदरासारखा करडा. आधी कोको घालून तपकिरी करायचं आणि मग काळा रंग टाकायचा, हे मागाहून वाचलं. रात्रीचे दहा वाजले होते. म्हटलं, करडं तर करडं. करडे केस, करड्या भुवया, तिरकं तोंड काढलं आणि हात धुतले.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे साडेसात. कौतुकाने कॅमेरा कुकीवर धरला. आईने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"अरे, हा अण्णाकाका!"

त्या क्षणापर्यंत तो भोपळा होता. आता दुसरं काही दिसेचना. दाढ दुखत असतानाचे अण्णाकाका, कोणीतरी वर्गणी मागायला आल्यासारखे बघताहेत. आईने स्क्रीनचा फोटो काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

सकाळी झाकण काढलं तर काळजात धस्स झालं. केस काळेभोर! भुवया काळ्याकुट्ट! आयसिंगमधला काळा रंग ठेवला की गडद होत जातो, म्हणून तो आदल्या दिवशीच कालवून ठेवतात म्हणे. मी नकळत नेमकं तेच केलं होतं. अण्णाकाका रातोरात वीस वर्षांनी तरुण झाले होते. मी दुसरा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी कुकी पंधरा मिनिटांत संपली. एका चिमुरड्या ड्रॅक्युलाने दोन्ही डोळे पटकावले आणि त्यावरून चेटकिणीने गळा काढला. गालाला चांगली मागणी होती, जळके केस सगळ्यांत शेवटी गेले. पण खरी गंमत पुढे झाली. इतका रंग पोटात गेल्यावर यादीवाल्या बाई माझे आभार मानायला आल्या, तोंडभर हसल्या, आणि त्यांचे दात, ओठ, जीभ, सगळं काळंठिक्कर! मागे नॅपकिनवाले गृहस्थ, तेही तसेच. अख्खा रस्ता काळे दात काढून एकमेकांशी हसून बोलत होता आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. तीनपैकी तिन्ही जमलं, असं मी बायकोला ऐकवलं. तिने नुसती मान हलवली. तोंड उघडायला ती तयार नव्हती.

घरी येऊन फोन पाहिला. ग्रुपवर हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांचा पूर आला होता. अण्णाकाका सहसा तिथे सकाळच्या सुविचारापलीकडे काही लिहीत नाहीत. पण कालचा करड्या केसांचा आणि आजचा काळ्या केसांचा, असे दोन्ही फोटो त्यांनी बघितले होते. खाली एकच ओळ होती.

"कलप कुठला वापरलास?"