‘ठेकेदाराने देणगी दिली तर बिघडलं कुठे?’

नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या तेव्हापासून एक लांबलचक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ठेकेदाराने पक्षाला देणगी देणं कायदेशीर आहे. टेंडर ऑनलाइन निघतं, त्यामुळे देणगीची परतफेड शक्यच नाही. नगरसेवकाने स्वतः ठेका घेतला तर त्याचं पद जातं. शिवाय पाच वर्षांनी जनता हिशेब करतेच. आणि जे ओरडतात ते माहिती अधिकारवाले ब्लॅकमेलर. मेसेज सफाईदार आहे, अर्धा खराही आहे, आणि तीच अडचण आहे.

देणगी कायदेशीर, मान्य. लोकप्रतिनिधित्व कायद्याने पक्षांना सरकारी कंपन्यांचा आणि परदेशी पैसा घ्यायला मनाई केली आहे. सरकारी कामं घेणाऱ्या खासगी ठेकेदाराला कसलीच आडकाठी नाही. (अमेरिकेत केंद्र सरकारच्या ठेकेदारांना अशा देणग्या द्यायला १९४० पासून बंदी आहे. तेव्हा असा नियम होऊच शकत नाही, असं कुणी ऐकवू नये.) ‘चेकने दिली, नोंद झाली’ म्हणतात. कुठे झाली? वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी पक्ष निवडणूक आयोगाला देतो, ती अख्ख्या पक्षाची एकत्र. त्यातून आपल्या प्रभागातलं गटार बांधणाऱ्याचं नाव शोधून दाखवा. निवडणूक रोख्यांत तर २०१८ पासून देणाऱ्याचं नावच झाकलेलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना मोडीत काढली, आणि कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवणारी २०१७ ची दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. चांगलं झालं. पण ती मर्यादा कंपन्यांची. छोट्या शहरातला ठेकेदार बहुतेक वेळा प्रोप्रायटर असतो, नाहीतर भागीदारी फर्म. कंपनी कायदा त्याच्या वाटेलाच जात नाही.

आणि खरं सांगायचं तर गावपातळीवर चेक फाडतो कोण? ‘क’ वर्ग, म्हणजे सर्वात कमी लोकसंख्येच्या गटातल्या नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला अडीच लाखांची खर्चमर्यादा होती. प्रचाराचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांनी मनातल्या मनात हिशेब करावा. मंडपवाल्याचं बिल परस्पर कुणी भागवलं, गाड्यांत डिझेल कुठल्या पंपावरच्या उधारीच्या खात्यावर पडलं, ढाब्यावरची पंगत कुणाच्या नावावर लागली, हे ना उमेदवाराच्या खर्चाच्या तपशिलात येतं, ना पक्षाच्या वहीत. ही देणगी नव्हेच, मग तिची नोंद कुठली?

आता ऑनलाइन टेंडर. मेसेजमधला हा सगळ्यात लाडका मुद्दा. ई-निविदेने पेटी पळवणं, फॉर्मच न देणं, बाहेर पोरं उभी करणं थांबलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शर्ती माणूसच लिहितो. अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स प्लांट, म्हणजे डांबर-खडी मिसळायचा कारखाना हवा, अमुक इतक्या रकमेचं तशाच प्रकारचं काम केलेलं हवं. दोन शर्ती नेमक्या बसवल्या की तालुक्यात एकच जण पात्र उरतो. बाकीचे दोन लिफाफे ‘सपोर्टिंग’चे, म्हणजे स्पर्धा दिसावी म्हणून भरलेले. तरी स्पर्धा झालीच आणि कुणी पंचवीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकी दरापेक्षा तेवढ्या कमी दराने भरून काम घेतलं, तर लोक म्हणतात, बघा, पैसे वाचले. पंचवीस टक्के बिलो गेलेला माणूस तोटा सोसायला बसलेला नसतो.

त्याची वसुली होते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत; झालेल्या कामाची मापं त्यात लिहितात आणि त्यावरून बिल निघतं. समजा गल्लीत १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद काँक्रीट रस्ता मंजूर आहे, जाडी १५ सेंटिमीटर. एमबीत लांबी, रुंदी, जाडी असे रकाने असतात, गुणाकार ६० घनमीटर. लांबी-रुंदी तुम्ही टेप लावून पडताळाल. जाडी काँक्रीटखाली गाडलेली. प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर ओतलं तर माल ४८ घनमीटर, बिल ६० चं. पाचवा हिस्सा गायब, आणि पोर्टलवर सगळं हिरवंगार. त्या पानावर अभियंत्याची सही लागते. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायच्या मुदतीत, रस्ता उखडला तर ठेकेदाराला नोटीस धाडायची की नाही, मुदतवाढ दंड लावून द्यायची की बिनदंडाची, जाडी तपासायला कोअर (रस्ता भोकून काढलेला नमुना) काढायचा तर कुठल्या जागेचा, हे सगळे निर्णय टेंडर उघडल्यानंतरचे. देणगीची परतफेड इथे होते. सर्व्हरला यातलं काही दिसत नाही.

नगरसेवकाचं पद जातं, हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आहे. परिषदेच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारा अपात्र. पण हितसंबंध म्हणजे कामातला वाटा. निवडणुकीत ज्याने पैसा लावला, त्याच्याच कामाच्या मंजुरीला हात वर करणं त्यात बसत नाही. फर्म मेव्हण्याच्या नावावर असेल तर ‘अप्रत्यक्ष’ सिद्ध करता करता मुदत संपते.

‘पाच वर्षांनी जनता हिशेब करते.’ मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात सभागृह नाही, स्थायी समिती नाही, प्रशासक. रस्ते काँक्रिटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामं याच काळात दिली गेली. बरी-वाईट कशीही असोत, त्यांच्यासाठी मतदाराने पाडायचं कुणाला? आणि कोर्टाचा रस्ता धरलात तर जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे घरं बांधायच्या योजनेतला घोटाळा बघा. नगरपालिकेची योजना नव्वदच्या दशकातली, गुन्हा नोंदला गेला २००६ मध्ये, धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. माजी मंत्री, नगरसेवक, ठेकेदार धरून ४८ जण दोषी ठरले, मग वरच्या कोर्टात अपिलं. तोवर किती निवडणुका होऊन गेल्या!

राहिले ब्लॅकमेलर. आहेत, कशाला नाकारायचं? दहा रुपयांचा अर्ज टाकून सेटलमेंट करणारे प्रत्येक तालुक्यात सापडतात. पण त्यांचा धंदा चालतो कशावर? कागद दडलेला असतो यावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की कार्यालयाने माहिती कुणी मागायच्या आधीच, आपणहून जाहीर करावी. प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं आणि अदा केलेलं बिल नगरपरिषदेने संकेतस्थळावर टाकलं, तर त्या सेटलमेंटवाल्याकडे विकायला काय उरेल? मेसेज लिहिणाऱ्यांना ब्लॅकमेलरची एवढी चीड असेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत आपल्याच नगरसेवकाकडून हा ठराव मांडून घ्यावा. सूचक-अनुमोदक कोण मिळतात, तेही कळेल.