मावशीचा सोफा आणि ब्राझीलचे शास्त्रज्ञ

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. "काही नाही गं, सहज केला," म्हणाली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय. खोदून खोदून विचारल्यावर निघालं ते असं: आदल्या दुपारी ती हॉलमध्ये गादीवर मांडी घालून भाजी निवडत बसली आणि नंतर तिला उठताच येईना. टीपॉय लांब, भिंत लांब. अर्धा तास खटपट केली, मग बसल्या बसल्या सरकत फोनपाशी गेली आणि शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांच्याकडे किल्ली असते म्हणून निभावलं.

मावशीचं वय 68. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, डावा बदलायला झालाय. "पण तू खाली बसलीसच कशाला? सोफा काय झाला?" तर सोफा तिने वॉचमनला देऊन टाकला होता. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, विचारणार कोण. आणि का दिला? "अगं, ग्रुपवर आलं होतं."

ते ग्रुपवर आलेलं मग मीही वाचलं. तुमच्याही फोनमध्ये असेलच. "सोफा नव्हे, सायलेंट किलर!" असा मथळा, खाली लाल ठिपके, आणि शेवटी आडनाव नसलेल्या कुठल्याशा डॉक्टरांचं नाव. थोडक्यात म्हणणं असं: सोफा ही परदेशी खोड आहे, जमिनीवर बसणारे जास्त जगतात हे ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, खाली बसून उठल्याने गुडघ्याची झीज भरून निघते, सोफा घ्यायचाच तर लाकडी बाकासारखा कडक आणि 100 डेन्सिटीचा घ्या, पाठ कायम 90 अंशात ठेवा, आणि सोफा ईशान्येला असेल तर कंबरदुखी जात नाही. ईशान्येचं मी सोडून देते. मावशीचा हॉल दहा बाय बारा आहे, त्यात सोफा जिथे मावतो तीच त्याची दिशा.

ब्राझीलबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण मावशीने सोफा दिला तो त्या एका वाक्यावर.

असा अभ्यास झालाय, हे खरं. रिओ दि जानेरोमध्ये 51 ते 80 वयाच्या 2002 जणांना एक साधी गोष्ट करायला सांगितली: जमिनीवर बसा आणि उठा, शक्य तितका कमी आधार घेऊन. बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात टेकला, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण कमी, तोल गेला तर अर्धा. मग काही वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं. त्या काळात 159 जण वारले. ज्यांना 0 ते 3 गुण होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका 8 ते 10 गुणवाल्यांच्या पाच-सहा पट निघाला. 2012 साली हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून जगभर फिरतंय.

आता यात सोफा कुठे आहे? कुठेच नाही. घरी कोण सतरंजीवर बसतं आणि कोण सोफ्यावर, याची ही तुलनाच नाही. जमिनीवर बसायला लावून कुणाचं आयुष्य वाढवूनही पाहिलेलं नाही. ही शरीराची परीक्षा होती. स्नायूंत जोर किती, सांधे किती वळतात, तोल किती सांभाळता येतो, हे एका फटक्यात कळावं म्हणून. ज्याला आधाराशिवाय उठता येत नाही त्याचे पाय आधीच अशक्त झालेले असतात, कधी हृदय, कधी वजन, कधी आणखी काही. उठता न येणं हे त्याचं लक्षण. ताप मोजणारा थर्मामीटर बर्फात बुडवला तर आकडा उतरेल, ताप नाही उतरणार. आमच्या ग्रुपने नेमका थर्मामीटर बर्फात घातला, आणि तोही मावशीच्या हातून.

गंमत म्हणजे हाच अभ्यास नीट वाचला तर मावशीला उलटाच सल्ला मिळतो. तिला त्या परीक्षेत शून्य किंवा एक गुण मिळाला असता. म्हणजे पायात जोर कमी. अशा माणसाला फिजिओथेरपिस्ट काय करायला लावतो? उंच खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस. जमलं की थोडी कमी उंची. एकदम जमिनीवर नाही. आणि त्यासाठी घरात काय लागतं, तर धड उंचीचं, हात असलेलं आसन. तेच तर तिने वॉचमनला दिलं.

दुसरा मुद्दा, "झीज भरून निघते", हा नुसता चुकीचा नाही, दुष्ट आहे. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, मांडी घालून परत उगवत नाही. स्नायू बळकट झाले तर दुखणं कमी होतं, ते वेगळं. आणि ज्याचा गुडघा बदललेला आहे त्याला बहुतेक सर्जन डिस्चार्जच्या कागदावरच लिहून देतात: खाली बसू नका, मांडी घालू नका, बुटक्या आसनावर बसू नका. मावशीच्या फाइलमध्ये तो कागद आहे, मी पाहिला. साध्या खुर्चीवरून उठताना गुडघा साधारण 90 ते 100 अंशांत वाकतो. मांडी घालायला त्याहून बराच जास्त वाकवावा लागतो. ज्या काकांनी हे फॉरवर्ड केलं ते स्वतः रोज चालायला जातात, सूर्यनमस्कार घालतात, त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांनी खुशाल खाली बसावं. ग्रुपमधल्या बाकी एकतीस जणांचे गुडघे त्यांनी तपासलेत का?

बरं, अर्धं खरं आहे ते कबूल करते, नाइलाजाने. लहानपणापासून खाली बसायची सवय असेल आणि ती मोडली नसेल, तर कंबर आणि खुब्याचे सांधे मोकळे राहतात. माझी आजी ऐंशीपर्यंत जमिनीवर बसून भाकरी थापायची. आणि तासन् तास एकाच जागी बसणं वाईट, हेही खरं. पण ते सोफ्यावर वाईट तसंच गादीवरही वाईट. आणखी एक कबुली: मावशीचा जुना सोफाही तिच्यासाठी भिकारच होता. तिची कंबर त्या सोफ्यानेच दुखायची. फॉरवर्डवर तिचा विश्वास बसला तो म्हणूनच.

तो का भिकार होता, हे त्या लाल ठिपक्यांत कुठेही नाही. मावशीची उंची चार फूट अकरा इंच. पाठ टेकून बसल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत तिचं माप भरतं 17 इंच. सोफ्याची बैठक पुढून मागे 23 इंच खोल होती. हल्ली सगळे असेच करतात, कारण शोरूममध्ये ते ऐसपैस दिसतं. आता 17 इंचांच्या माणसाने 23 इंचांत बसायचं तर दोनच मार्ग. मागे सरकलं की पाय लहान मुलासारखे लोंबकळतात आणि बैठकीची कड पोटऱ्यांना काचते. पुढे बसलं की पाय टेकतात, पण पाठीमागे सहा इंच पोकळी, मग माणूस घसरून घसरून कमानीसारखा होतो. मावशी वर्षानुवर्षं कमान होऊन मालिका बघत होती. पाठीमागे एक घट्ट लोड ठेवला असता तरी निम्मं काम झालं असतं.

खोली झाली, आता उंची. बसल्यावर फोम दबतो, हे कुणी धरत नाही. दुकानदार सांगतो 17 इंच, माणूस बसला की उरतात 15. ज्याचे गुडघे दुखतात त्याला ते दोन इंच फार महाग पडतात. म्हणून माप घ्यायचं ते माणूस बसलेला असताना, मांडीखालून जमिनीपर्यंत. गुडघेदुखीवाल्याला दबल्यानंतरचे 18 इंच असावेत, उंच माणसाला एखादा इंच जास्त. हात भक्कम हवेत, म्हणजे त्यावर तळवे दाबून उठता येईल असे. तो गुबगुबीत, दाबला की खाली जाणारा हात दिसतो छान, पण त्यावर जोर देता येत नाही.

आणि एक गोष्ट जी मलाही मावशीच्या फिजिओथेरपिस्टने दाखवली तेव्हा कळली. उठताना आपण पाय थोडे मागे घेतो, बैठकीच्या खाली, मग पुढे झुकून उठतो. करून बघा, पाय पुढे ठेवून उठताच येत नाही. म्हणजे बैठकीखाली पुढच्या बाजूला मोकळी जागा लागते. हल्ली स्टोरेजवाले सोफे थेट जमिनीपर्यंत बंद असतात. आत गाद्या-गोधड्या मावतात, पण टाचा अडतात. म्हाताऱ्या माणसाच्या घरी हे स्टोरेज नको. खाली मोकळं असलं की केरसुणीही आत जाते, तो वरचा फायदा.

आता "बाकासारखा कडक". कडक म्हणजे चांगलं, हे आपल्याकडे सुभाषितासारखं चालतं. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांवर 90 दिवस प्रयोग झाला होता, 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक. कुणाला कोणती, ते सांगितलेलं नव्हतं. मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. तो अभ्यास झोपायच्या गादीचा आहे, सोफ्याचा नाही, हे मी आपणहून सांगते, कारण ब्राझीलचं नाव सांगणाऱ्या त्या फॉरवर्डसारखं मला करायचं नाही. पण कडक तेच पाठीला चांगलं, हा समज त्याने निदान गादीपुरता तरी मोडला. लाकडी बाकावर तासभर बसून कीर्तन ऐकलेल्यांना यासाठी स्पेनला जावं लागत नाही.

डेन्सिटीची गोष्ट तर अज्ञानाचा कळस. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. 40 डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 40 किलो. त्यात मऊ फोमही येतो, कडकही येतो. जास्त डेन्सिटीचा साधारणपणे लवकर बसत नाही, म्हणजे टिकतो, एवढंच. आणि 100 डेन्सिटी हा आकडा ज्या फोमला दिसतो तो बहुतेकदा रीबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे गोंदाने चिकटवून दाबलेली लादी. खाली थर म्हणून ती ठीक, पण नुसती त्यावर बसलात तर दगडावर बसल्याचं पुण्य. बैठकीला 32 किंवा 40 डेन्सिटीचा चांगला फोम, वर थोडा मऊ थर, खाली झिगझॅग स्प्रिंग किंवा ताणलेले पट्टे, हे घरच्या वापराला पुष्कळ झालं.

आता दुकानदार 40 सांगतो आणि आत 23 घालतो, ही भीती खरी. पण त्यावर उपाय फॉरवर्डमध्ये नाही, तराजूत आहे. 2 फूट लांब, 2 फूट रुंद, 5 इंच जाड अशी फोमची लादी 40 डेन्सिटीची असेल तर तिचं वजन भरतं साधारण 1.9 किलो. 32 ची दीड किलो. 23 ची जेमतेम 1.1. खोळीची चेन उघडायची, लादी बाहेर काढायची, प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेऊन जायचा. मी नेला होता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पहिल्या दुकानात मालकाने माझ्याकडे आयकर अधिकाऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि खोळ उघडायला नकार दिला. मग आम्ही त्या दुकानाला नकार दिला.

90 अंशांचं थोडक्यात. ताठ काटकोनात बसणं शाळेच्या फोटोपुरतं. स्वीडनमध्ये 1970 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला, आणि पाठ थोडी मागे रेलली, कंबरेच्या खळगीला आधार मिळाला की तो कमी होतो, असं दिसलं. सोफ्याची पाठ म्हणून जराशी मागे कललेली असते. ती सुताराची चूक नाही.

तर शेवटी मावशीला घेऊन बाजार फिरलो. एक नियम केला: नुसतं टेकून उठायचं नाही, निदान दहा मिनिटं बसायचं, आणि अनवाणी बसायचं. आपण घरात चपला घालत नाही, मग दुकानात इंचभर टाचेच्या चपलेत उंची कशी कळणार? मावशी म्हणाली, "शी, केवढी धूळ आहे खाली." पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, पायाखाली अंथरलं. दुकानदाराने चहा मागवला, तेव्हा तिला म्हटलं, कप एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या जोरावर उठून दाखव. दोन दुकानांत नाही जमलं. तिसऱ्यात जमलं. बसल्यावर 18 इंच उंच, बैठक तिच्या पाठीमागच्या उशीसकट साडेसोळा इंच खोल, हात लाकडी, खाली मोकळं. लादी काट्यावर लावली, पावणेदोन किलोच्या वर.

मावशी उठली, परत बसली, परत उठली. मग म्हणाली, "बसायला बरा आहे, पण हा मेला शेवाळी रंग कुणी निवडला?" मरून कापड लावून मिळायला बारा दिवस लागले. तोवर ती डायनिंगच्या खुर्चीवर बसून मालिका बघत होती.