एनटीएफएससाठी कर्नल कंपाइल करायच्या आधी

एनटीएफएस म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत (फाइल सिस्टिम) आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. या दोन्हींबद्दल सध्या एक सल्ला खूप फिरतोय: "विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर लिनक्समधून लिहायचं तर कर्नल नव्याने कंपाइल करा. कर्नलचा एनटीएफएस ड्रायव्हर फक्त वाचतो. लिहिलंत तर डेटा जातो. माउंट होत नसेल तर 'फोर्स' द्या." (कंपाइल म्हणजे सोर्स कोडपासून तयार करणं, ड्रायव्हर म्हणजे ती डिस्क हाताळणारा कर्नलचा भाग, माउंट म्हणजे डिस्क वापरासाठी जोडणं आणि 'फोर्स' म्हणजे नकार डावलून जोडायला लावणारा पर्याय.) यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे.

आधी कंपाइलचं बघू. 'बूट' फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल उघडा आणि एनटीएफएस३ ची, म्हणजे कर्नलच्या नव्या एनटीएफएस ड्रायव्हरची, ओळ शोधा. समोर 'वाय' असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, 'एम' असेल तर मॉड्यूल (गरजेला कर्नलमध्ये लोड होणारा वेगळा तुकडा) तयार आहे. चालू फाइल सिस्टिमच्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून अनेक जण कंपाइल करायला बसतात. अहो, मॉड्यूल लोड होईपर्यंत ते नाव तिथे येतच नाही! मॉडप्रोब ही मॉड्यूल लोड करणारी कमांड चालवा, लगेच दिसेल. लिनक्सची काही वितरणं (डिस्ट्रो) हा पर्याय बंद ठेवतात. तिथेही फ्यूजवर, म्हणजे कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम चालवायच्या सोयीवर, चालणारा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर आहेच, त्यासाठी कर्नलला हात लावावा लागत नाही.

"फक्त वाचतो" हे जुन्या ड्रायव्हरबद्दल जवळजवळ खरं होतं. पण पॅरागॉन कंपनीने दिलेला, वाचन-लेखन दोन्ही करणारा एनटीएफएस३ २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमध्ये आला आणि जुना ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.९ मधून काढलाही गेला.

डेटा जातो, हे मात्र मी उडवून लावणार नाही. लोकांच्या फाइली खरंच गेल्या आहेत. पण बऱ्याचदा त्यामागे विंडोजचं फास्ट स्टार्टअप असतं. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे आपली स्थिती डिस्कवर साठवून झोपतं. डिस्कच्या नोंदींचं त्याच्या मनातलं चित्र तसंच गोठून राहतं. मधल्या वेळात लिनक्सने काही लिहिलं की जागं झालेलं विंडोज त्या जुन्या चित्रावरून पुढे लिहीत सुटतं. त्यामुळे फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा लिनक्समध्ये जाताना 'रीस्टार्ट' निवडा. त्यात विंडोज पूर्ण बंद होतं.

आणि 'फोर्स'? डिस्कवर 'डर्टी' खूण (डिस्क नीट बंद झाली नसल्याची खूण) असेल तर एनटीएफएस३ लेखनासाठी माउंट करायला नकार देतो आणि कर्नलच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो. तो नकार तुमच्या फाइलींसाठी आहे. 'फोर्स' देऊन तो झुगारू नका. घाई असेल तर फक्त वाचनासाठी माउंट करून हवं ते कॉपी करून घ्या, मग विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क (डिस्कच्या चुका तपासणारा प्रोग्राम) पूर्ण चालवा आणि त्यानंतरच लेखनासाठी माउंट करा.