म्हणे, बेळगावात पाहुण्यांना दाखवायला आहे काय!

आज दुपारी आमच्याकडे जेवायला पाहुणे होते. नात्यातलं लग्न आटोपून माझे एक चुलत दीर पुण्याला परतायच्या आधी घरी आले. इथल्याच, बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला माणूस. जेवण झाल्यावर सुपारी कातरत सहज म्हणाले, "वहिनी, बेळगावात पाहुण्यांना दाखवायला आहे काय? एखादं मोठं कन्व्हेन्शन सेंटर, एखादा काचेचा पूल, असं काहीतरी नवीन पाहिजे की. नाहीतर लोक चोर्ल्याच्या घाटाने सरळ गोव्याला निघून जातात." घरात चार माणसं होती, म्हणून मी गप्प राहिले आणि कुंद्याची वाटी पुढे सरकवली. आता सगळे गेलेत, भांडी आवरून झालीत, पण डोकं काही थंड व्हायला तयार नाही. म्हणून इथे लिहिते.

माझी आत्या मिरजेला असते. सत्तरीला टेकलेली, निवृत्त शिक्षिका. मागे एकदा शिवजयंतीला खास चित्ररथ बघायला ती माझ्याकडे आली होती. आपल्याकडची शिवजयंती म्हणजे काय हे इथल्या कुणाला सांगायला नको. तिथीची, वैशाखातली. रात्र पडली की नरगुंदकर भावे चौकातून रथ निघतात, मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामदेव गल्ली करत पुढे सरकतात आणि उजाडलं तरी रस्त्यावरच असतात. आम्ही रामदेव गल्लीत उभ्या होतो. समोर एक ट्रॉली येऊन थांबली. प्लायवूडची खिंड, तिला काळा-करडा रंग, आणि वर जेमतेम बारा वर्षांचा बाजीप्रभू दोन्ही हातांत तलवारी उगारून उभा. जनरेटरची घरघर, भोंग्यातून संवाद, आणि पोराचा उजवा हात थरथरतोय. पण खाली घेईल तर शपथ! देखावा संपल्यावर मंडळाचा एक दादा वर चढला आणि मिशीचा गोंद सुटू नये म्हणून त्याला स्ट्रॉने पाणी पाजलं. आत्या रडायला लागली. म्हणाली, "अगं, ही पोरं हे शिकतात कुठे?"

कुठे शिकणार? गल्लीत. शाळेचा अभ्यास झाल्यावर, खांबावरच्या दिव्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या दुचाक्यांना वाट देत. पाऊस आला तर देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये. आम्ही बायकांनीही एकदा एका छोट्या नाटुकल्याच्या तालमीसाठी सभागृह मिळतंय का बघायला चौकशी केली होती. कुठलं सभागृह ते जाऊ दे. भाडं ऐकूनच निम्म्या जणी उठल्या. वर सांगितलं की तालीम असली तरी एसीचे पैसे वेगळे, आणि लग्नाचं बुकिंग आलं तर तारीख सोडावी लागेल. शेवटी तालीम झाली आमच्या गच्चीवर.

पण आत्याची खरी गोष्ट पुढेच आहे. पहाटे घरी आलो. तिची पिशवी रिकामी करताना बघते तर मी संध्याकाळी घेऊन दिलेली पाण्याची बाटली तशीच होती. सीलसुद्धा फोडलेलं नाही. वैशाखातली उकाड्याची रात्र, आठ-नऊ तास उभी, आणि ही बाई पाण्याचा घोट प्यायली नव्हती. का, ते प्रत्येक बाईला न सांगता कळेल. "जायचं कुठे गं?" एवढंच म्हणाली. त्या अख्ख्या मार्गावर बाईमाणसाला जाता येईल अशी एक जागा मला तिला दाखवता आली नसती. मध्ये एका दुकानदाराने अर्धं शटर वर करून घडीची खुर्ची दिली होती, "मावशी, बसा की हो, किती वेळ उभ्या राहणार," म्हणाला. त्याच्या जिवावर तिची रात्र निघाली.

आणि आम्हाला काचेचा पूल पाहिजे!

नवीन काही झालं नाही असं नाही. २०१६ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्याच यादीत आपलं नाव आलं. किल्ला तलावाकाठी २०१८ मध्ये ११० मीटरचा ध्वजस्तंभ उभा राहिला. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला आणि त्याचं अनावरण काही दिवसांच्या अंतराने दोनदा झालं, एकदा एका पक्षाचं, एकदा दुसऱ्याचं. शहराबाहेर हलग्याला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, २०१२ पासून उभा आहे. हिवाळी अधिवेशनाचे ते काही दिवस सोडले तर एवढ्या भव्य वास्तूत सामान्य माणसासाठी काय चालतं, ते मला कुणीतरी सांगा. अधिवेशनाच्या दिवसांत लॉज भरतात, हॉटेलवाल्यांचा धंदा होतो, मान्य. किल्ला तलावावर संध्याकाळी पोरंबाळं मजेत फिरतात, तेही मान्य. माझीच भाचरं तिथून निघायला तयार नसतात. पण हे सगळं उभं करताना माणूस तिथे येऊन काय करणार, कुठे बसणार, कुठे जाणार, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. फोटो काढायचा आणि निघायचं. आता एवढंच उरलंय का पर्यटन?

किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. आत जाऊन मान वर केली की छतातून दगडाचं कमळ खाली झुकलेलं दिसतं. आठशे वर्षं होऊन गेली तरी पाकळी न् पाकळी ताजी. आत्याला दुसऱ्या दिवशी तिथे नेलं. ती खांबाला टेकून खाली बसली आणि कितीतरी वेळ हललीच नाही. तिकडे खानापूर तालुक्यात हलशीला कदंब राजांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे. इथे जवळच सुळेभावी गावात गायक कुमार गंधर्वांचा जन्म झाला, १९२४ साली. रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या माणसाला यातलं काय कोण सांगतं? आमच्या दिरांनासुद्धा सुळेभावीचं माहीत नव्हतं. सुपारी तेवढी छान कातरतात.

१९२४ वरून आठवलं, आणि हे मला दिरांना तोंडावर सांगायचं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष महात्मा गांधी. आयुष्यात एकदाच ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते बेळगावात. देशभरातून हजारो माणसं आली. कन्व्हेन्शन सेंटर होतं काय तेव्हा? इथले काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या माणसांनी माळावर तंबू-राहुट्यांचं नगर वसवलं, त्याला विजयनगर नाव दिलं, आणि एवढ्या लोकांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणली. शाळकरी वयाच्या गंगूबाई हनगल तिथे स्वागतगीत गायल्या. मंडप उठला, विहीर राहिली. काँग्रेस रोडवरून रोज जाता ना? तिथे दिसते तीच ती विहीर. पाहुणा येणार म्हटल्यावर त्याच्या पाण्याचं आधी बघायचं, एवढी अक्कल शंभर वर्षांपूर्वी या गावाला होती.

तीच अक्कल आजही आहे, पण ती आता गावाकडच्या माणसांकडे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी. हिवाळा आला की या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. पटांगणात नाहीतर कापणी झालेल्या शेतात मांडव. पाहुण्या साहित्यिकाला गावातलीच माणसं घरी नेतात, त्यांच्या न्हाणीघरात कढत पाणी, त्यांच्याच चुलीवरचं जेवण. पुण्या-मुंबईकडचे मोठमोठे वक्ते या मांडवात बोलून गेलेत, आणि समोर ऐकायला कोण? शेतकरी, शिक्षक, विणकर, शाळेची पोरं. कवितेला दाद द्यायला सगळा गाव बसलाय हे दृश्य अजून कुठल्या शहरात बघायला मिळतं मला सांगा. आपल्या बेळगावात १९२९ आणि १९४६ ला अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. ४६ च्या, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असलेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २०१५ ला नाट्यसंमेलन झालं, फैय्याज अध्यक्ष होत्या, रस्त्यावर ओळखीची-अनोळखी माणसं एकमेकांना विचारत होती, "आज कुठलं नाटक?" ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

म्हणजे बघायला येण्यासारखं जे काही आहे ते माणसांचं आहे. चित्ररथ, गणपती, आनंदवाडीतल्या आणि येळ्ळूरच्या कुस्त्या, ही संमेलनं. आणि यातल्या बहुतेकांना हक्काची जागा नाही. दरवर्षी नव्याने परवानगी, नव्याने मांडव, नव्याने वर्गणी. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, हिवाळी अधिवेशनाच्या वेळच्या मराठी माणसाच्या मेळाव्याला अलीकडे परवानगीसुद्धा मिळत नाही. मैदान आहे, माणसं आहेत, मधे बॅरिकेड. यावर जास्त लिहीत नाही, लिहायला लागले तर रात्र पुरणार नाही.

कुणी म्हणेल, मोठं सभागृह झालं तर तुमच्याच नाटकांना उपयोग होईल. होईल, परवडलं तर. पण जे सभागृह आमच्या भजनी मंडळाला आणि गल्लीतल्या पोरांना परवडणार नाही, ते कितीही चकचकीत असो, माझ्या लेखी ते मंगल कार्यालयच. तो बाजीप्रभू झालेला पोरगा थंडीपावसात तालीम करू शकेल अशी साधी पत्र्याची शेड दर दोन-तीन गल्ल्यांना मिळू दे. पंखे, दिवे, एक मोरी, बास. तिचं उद्घाटन कुणाच्याही हस्ते करा, माझी काही तक्रार नाही.

आणि त्या बाटलीचं मी विसरणार नाही. परदेशी पाहुणे, विमानाने येणारे पाहुणे, त्यांचं तुम्ही बघा. माझा पाहुणा मिरजेहून एसटीने येतो, गुडघे धरून उभा राहतो आणि आपल्या पोरांचं काम बघून रडतो. त्याच्यासाठी या शहराने रात्रभर उघडं राहील असं एक स्वच्छ शौचालय ठेवू नये? मिरवणुकीच्या रात्री मार्गावरच्या शाळा उघडल्या तरी प्रश्न सुटतो. शाळेत सगळं असतं, नळ, बाकं, संडास. एक शिपाई आणि दोन सफाई कामगार, त्यांना त्या रात्रीची चांगली मजुरी द्या. याला टेंडर लागत नाही की आराखडा लागत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी जे कोणी मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, रामलिंगखिंड गल्लीतल्या मंडळांत आहात त्यांनी मला फोन करा. नंबर माहीत नसेल तर मेसेंजरवर या. मार्गावरच्या शाळांची यादी करू, मुख्याध्यापकांना आधी भेटू, मग आपापल्या नगरसेवकाला. अर्ज मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे मी लिहून देते. कन्नड लिहिणारी माझी मैत्रीण तयार आहे, तीही दरवर्षी चित्ररथ बघायला येते आणि तिलाही हाच त्रास होतो. पुरुषमंडळींनी फक्त लाइक करून पळू नये, घरातल्या बायकांना विचारावं आणि मग कमेंट करावी. मिरवणुकीच्या तोंडावर कुणी ऐकून घेत नाही, त्यामुळे पहिली भेट याच आठवड्यात.