'टू'च्या पुढे आयएनजी चालतो

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक तीन-कलमी मंत्र जोरात फिरतो: क्रियापदाच्या शेवटी आयएनजी (-ing) दिसला की क्रिया चालू आहे असं समजा, 'टू' दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप लावा, आणि नाम म्हणून 'टू रीड' घ्या की 'रीडिंग', फरक शून्य. तिन्ही कलमं अर्धवट आहेत. सगळ्यात जास्त वाट लावलीय दुसऱ्यानं.

आधी पहिलं. 'स्विमिंग इज गुड फॉर यू' या वाक्यात कोणीही पोहत नाहीये. 'स्विमिंग' इथे कर्ता आहे, नामाचं काम करतंय, हाच जेरंड. त्यातलं क्रियापद मात्र जिवंत असतं: 'रीडिंग नॉव्हेल्स क्विकली'मध्ये 'रीडिंग'ला कर्मही आहे आणि क्रियाविशेषणही. गोंधळाचं मूळ जुनं आहे. जुन्या इंग्रजीत नाम बनवणारा प्रत्यय 'उंग' किंवा 'इंग' होता, विशेषण बनवणारा 'एंडे'. पुढे दोन्ही एकाच रूपात मिसळले. म्हणून 'स्लीपिंग चाइल्ड' आणि 'स्लीपिंग बॅग' दिसायला सारखे. मूल झोपलेलं असतं, बॅग झोपण्यासाठी असते.

दुसरं कलम. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे ईमेलमधलं लाडकं वाक्य त्याचंच अपत्य! इंग्रजीत 'टू' दोन आहेत: एक इन्फिनिटिव्हची, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण, दुसरं प्रिपोझिशन, म्हणजे ज्याच्यापुढे नाम किंवा नामाचं काम करणारा शब्द येतो ते. ओळखायचं कसं? क्रियापद काढा, तिथे साधं नाम ठेवा. 'लुक फॉरवर्ड टू द पार्टी' बसतं, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'वाँट टू द पार्टी' बसत नाही, म्हणून 'वाँट टू मीट'. 'ऑब्जेक्ट टू'लाही आयएनजीच. आणि 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठण्याची सवय आहे. हा मंत्र पाठ केलेला माणूस दुसरं वाक्य चूक ठरवून मोकळा होतो.

तिसरं कलम 'बिगिन', 'लाइक' अशा क्रियापदांपुरतं बहुतेक वेळा चालून जातं. 'एंजॉय', 'अव्हॉइड' यांना आयएनजीच लागतो. 'डिसाइड', 'होप' यांना 'टू'च. ही यादी पाठच करावी लागते, इलाज नाही. खरी गंमत दोन्ही रूपं चालतात तिथे आहे. 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर': आठवणीनं कुलूप लावलं. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर': लावल्याचं आठवतंय. नकाराच्या पत्रात 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असतं, म्हणजे कळवताना खेद होतोय. तिथे 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' लिहिलंत, तर अर्थ होतो: तुम्हाला उगाच कळवलं.